आधी नाव सांगा, मग गोळी

वॉर्डातले किस्से कपाटात ठेवावे लागत नाहीत ते बरं, नाहीतर औषधांना जागाच उरली नसती. घरी सांगितले की सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. मग भांडी घासताना एकदम धस्स होतं. कारण प्रत्येक किश्श्यात कोणीतरी थोडक्यात वाचलेलं असतं, आणि एक दिवस कोणीतरी वाचणार नाही. आधी देवासला नर्स होते, आता धारला आहे. गाव बदललं, भीती तीच. चुकीचं औषध, चुकीच्या माणसाला, आपल्या हातून!

म्हणून माझा हट्ट असतो. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं, मगच औषध.

*

देवासला दोन रिटायर्ड गृहस्थ शेजारशेजारी होते. एकाला लाल कॅप्सूल, दुसऱ्याला पांढरी गोळी. पांढरीवाले रुसले.

"हमने क्या बिगाड़ा है, सिस्टर?"

समजावलं की बाबा, त्यांचं दुखणं वेगळं, तुमचं वेगळं. दुसऱ्या दिवशी पाहते तर दोघेही खुशीत.

"हमने सेटिंग कर ली। एक दिन लाल ये खाएँगे, एक दिन मैं। भिया आदमी अच्छे हैं!"

*

धारला एका जुन्या मराठी घरातल्या आजी दाखल झाल्या.

"आजी, नाव सांगा."

"कोणतं? माहेरचं की सासरचं?"

"केसपेपरवर असेल ते."

"ते नातवानं सांगितलंय. त्याला कुठं ठाऊक माझं नाव!"

मी केसपेपर उघडला. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'आजी जी'.

*

मोहनखेड्याच्या जैन मंदिरात दर्शनाला आलेल्या एक काकी तापानं आमच्याकडे आल्या. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. डॉक्टरांना विचारून मी संध्याकाळची गोळी सूर्य मावळायच्या आत द्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी छान जमलं. दुसऱ्या दिवशी नेमका एका पेशंटचा श्वास अडकला, आणि अख्ख्या वॉर्डात मी एकटी. धावत पोचले तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. काकी तळहात पसरून बसल्या होत्या. मला पाहिलं आणि हात जोडले.

"आज लेट हो गईं, बेटा। कोई बात नहीं।"

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताप रात्रभर चढत राहिला.

*

मग आमचं ट्रेनिंग झालं. विषय, औषध सुरक्षित कसं द्यावं. हॉल सजवला, समोसे आले, पाहुण्या साहेबांनी सुंदर भाषण केलं. सही मरीज, सही दवा, सही मात्रा. शेवटी म्हणाले, कोणाला काही शंका?

मी हात वर केला. "सर, आमच्या वॉर्डातल्या दोन्ही नर्सेस इथं बसल्यात. आत्ता तिकडं गोळ्या कोण देतंय?"

मागून मॅनेजर मोठ्या अभिमानानं म्हणाले, "चिंता मत करो मैडम, झाड़ू वाली बाई को समझा दिया है। रंग से पहचान लेती है!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या! माझ्या हातातला समोसा तसाच राहिला.

*

आणि हे परवाचं. अमझेऱ्याकडचे एक म्हातारबाबा दम्यासाठी दाखल होते. त्यांची बायको हातभर घूँघट ओढून पायाशी बसलेली असायची. शेजारच्या खाटेवर रामप्रसाद, साखरेचे पेशंट. जेवणाआधी त्यांना इन्सुलिन द्यावं लागे. बाबांना पंख्याखाली झोपायचं होतं म्हणून दोघांनी खाटा बदलल्या. आम्हाला सांगायची गरज कोणालाच वाटली नाही.

दुपारी आमची नवी सिस्टर रीना इन्सुलिन भरून आली आणि पंख्याखालच्या खाटेपाशी थांबली.

"आप रामप्रसाद हो ना?"

"हओ," बाबा म्हणाले. दवाखान्यातली माणसं जे विचारतील त्याला ते हओच म्हणायचे.

मी पलीकडे सलाईन लावत होते. असं विचारायचं नसतं, नाव त्यांच्याकडून वदवून घ्यायचं असतं, हे रीनाला किती वेळा सांगितलंय! ओरडणार तेवढ्यात म्हातारीनंच नाही-नाही म्हणत मान हलवली आणि नवऱ्याचा दंड धरून ओढला.

"नी! नी!"

"क्या हुआ अम्मा? ये रामप्रसाद नहीं हैं? तो नाम क्या है इनका?"

म्हातारीनं घूँघट आणखी खाली ओढला. नवऱ्याचा दंड मात्र सोडला नाही.

"डरो मत, छोटी-सी सुई है।" मी तिकडे धावणार तोच रीनानं बाबांचा हात धरला.

"भेरूलाल!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. बाबासुद्धा आ वासून बायकोकडे पाहत राहिले. रीनानं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि केसपेपर शोधायला लागली. साखर नसलेल्या माणसाला, तेही उपाशीपोटी, ते इन्सुलिन गेलं असतं तर पुढचं बोलायलाच नको.

म्हातारी ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.

"रोओ मत, अम्मा। आपने बचा लिया इनको।"

तिनं मान हलवली.

"ब्याव के बाद आज पहली बार नाम लिया, बेटा। नाम लेने से आदमी की उमर घट जाती है।" डोळे पुसून तिनं रीनाच्या औषधांच्या ट्रेकडे पाहिलं. "इसकी कोई गोली आती है क्या?"