खाणीजवळच्या लिंबाखालून आलेला फोन

मी मोबाईल टॉवरवर काम करतो. सिग्नल डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतो. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिला हसणारा मीच... म्हणून हे लिहायला लाज वाटतेय. खरी लाज मात्र वेगळीच आहे, ती पुढे कळेल.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमची वस्ती तिसगावपासून सात-आठ किलोमीटरवर. माझे चुलते, नाना, सत्तरी ओलांडलेले, वर्षभरापासून विसरायला लागले होते. एके सकाळी खिशात साधा मोबाईल टाकून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. दहाला त्यांचा फोन बंद झाला. चुलतभाऊ संतोषने पोलिसांत कळवलं आणि बाराच्या सुमारास शेवटचं लोकेशन आलं — आमच्याच वस्तीचा टॉवर, सेक्टर दोन, अंतर साधारण दोन किलोमीटर.

टॉवरला तीन दिशांना तीन तोंडं असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. फोन कुठल्या तोंडाशी आणि किती लांबून बोलत होता हे कळलं, की शोधायचा पट्टा ठरतो. सेक्टर दोन म्हणजे पूर्वेचा, डोंगराकडचा.

"तू टॉवरवाला हायेस, तू म्हनशील तिकडं जाऊ," संतोष म्हणाला. सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. खरं सांगतो, त्याही वेळी मला बरं वाटलं होतं.

तेवढ्यात काकू ओट्यावरून उठून आली. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"आरं, आत्ताच त्यांचा फोन आल्ता. खानीपशी लिंबाखाली बसलोय म्हनले. पानी घिऊन ये म्हनले."

दगडाची खाण पश्चिमेला. मी तिचा मोबाईल बघितला — कॉलची नोंदच नाही. नानांचा फोन तर दोन तासांपासून बंद.

"काकू, टॉवर खोटं बोलत नसतो," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "भास झालाय तुला."

"न्हाई रं, त्यांचाच आवाज हुता..."

"भासच आहे. बस तू."

ती बसली. तांब्या शेजारी ठेवला.

चार वाजेपर्यंत आम्ही डोंगराचा पायथा पालथा घातला. घाम पुसायला थांबलो आणि सवयीने माझ्या मोबाईलवर सिग्नलचं ॲप उघडलं. मी पूर्वेला उभा, आणि ॲप दाखवतंय सेक्टर तीन. तीन तर पश्चिमेचा!

आदल्या दिवाळीत त्या टॉवरच्या केबल मीच बदलल्या होत्या. बदलल्यावर गाडीतून टॉवरभोवती फिरून प्रत्येक बाजूचा सिग्नल तपासायचा असतो. मला घरी जायची घाई. चहाच्या टपरीवर बसून सगळीकडे 'ओके' भरलं आणि निघालो. दोन आणि तीनच्या केबल उलट्या लागल्या होत्या.

खाणीकडे पळालो. नाना लिंबाच्या खोडाला टेकून बसलेले होते... गेलेले. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच तास झाले असतील. म्हणजे काकू तांब्या घेऊन उभी होती, तेव्हा ते जिवंत होते.

दुसऱ्या दिवशी टॉवरवर चढून मी गुपचूप केबल नीट केल्या. आजपर्यंत कुणाला बोललो नाही. लोक म्हणतात, टॉवरचा काय भरवसा. मीही मान हलवतो.

पोलिसांकडच्या नोंदीत नानांच्या फोनवरून दहानंतर एकही कॉल नाही. काकूच्या मोबाईलवर मी स्वतः फोन लावून पाहिला, लागेना. रिचार्ज संपून पंधरा दिवस झालेले, इनकमिंगसुद्धा बंद. त्या मोबाईलवर फोन येणं शक्यच नव्हतं. तरी नाना जिथे सापडले ती जागा तिने बाराला सांगितली होती. कशी, ते मला अजून सांगता येत नाही.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. काकूने चहा पुढे ठेवला.

"तू म्हनला तेच खरं आसंल," ती म्हणाली. "भासच आसंल. त्यांनी खरंच पानी मागितलं आसतं, तर मी अशी बसून ऱ्हायले आसते का रं?"

तिला खरं सांगायचं, तर केबलचंही सांगावं लागलं असतं.

"व्हय काकू," मी म्हणालो, "भासच हुता." आणि चहा पिऊन घरी आलो.