कापसाचे बोळे

"आज एक थेंब जास्त, उद्याचं उद्या बघू."

विरजणकाकांचं हे बोलणं ठरलेलं. सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढताना ते हे म्हणत, बाटलीत औषध सोडताना म्हणत, आणि घरी काकूंनी गुडघ्याचं दुखणं काढलं की तिथेही म्हणत. काकू सांगत, "माझ्या गुडघ्याला तुमचा थेंब नको. त्याला तेल लावा."

विरजणकाका हे नाव बाटल्या धुणाऱ्या दोघी बायकांनी ठेवलेलं. काम तसंच होतं त्यांचं. दुधाला कालचं चमचाभर दही लावावं, तसं काका रोज कालच्या बाटलीतलं थोडं गढूळ पाणी आजच्या ताज्या बाटलीत सोडत. त्या गढूळ पाण्यात जंतू असत. ते साखर खात आणि तिच्यापासून ब्युटेनॉल नावाचा उग्र वासाचा द्रव तयार करत. रंगाच्या कारखान्यांना तो लागतो. पण हा माल जरा वाढला की तो तयार करणारेच त्यात मरत. चूल पेटवावी आणि घरभर धूर कोंडून घरच्याच माणसांनी गुदमरावं, तशी गत.

या जंतूंना तगवायचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. बाई प्रयोगशाळेच्या मुख्य. वय फार नाही, पण हात हुशार. जंतूच्या जनुकात फेरफार करून त्यांनी त्याला एक पंप बसवून दिला होता. आत शिरलेलं विष तो बाहेर फेकायचा.

"घराला दार मी करून दिलंय, काका," बाई म्हणाल्या होत्या. "ते वापरायची सवय लावणं तुमच्याकडे."

मग काका सवय लावत बसले. रोज ब्युटेनॉलचा एक थेंब जास्त. जे मेले ते गेले, जे तगले त्यांचं विरजण पुढे. रोपवाटिकेतला माणूस जसा वाफ्यावर वाकतो तसे ते बाटल्यांवर वाकत. बाटली उजेडाला धरत, गढूळ दिसली की चेहरा उजळे, नितळ दिसली की मयताच्या घरून यावं तसे गप्प होऊन चहाला जात.

बरेच दिवस गाडी एकाच जागी रुतली होती. बाटल्यांना रबरी बुचं असत. आत हवा कमी, जंतूंची वाढ मंद. एक दिवस बाई वैतागून म्हणाल्या, "ही बुचं काढा. कापसाचे बोळे लावा. श्वास तरी घेऊ दे त्यांना."

"तुम्ही म्हणाल तसं," काका म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईंनाही दिसलं नाही.

आणि काय सांगावं, जंतू उठले. उबदार पेटीत बाटल्या रात्रभर हलत राहत आणि सकाळी दुधासारख्या दाट होत. थेंब वाढवत नेले तरी दाटच. जिथे आधी सगळे मरत, त्याच्या दुप्पट ब्युटेनॉलात हे मजेत. मोठ्या साहेबांनी खाली येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला. बाटल्या धुणारी थोरली म्हणाली, "काका, आता आम्हाला ओळख द्याल ना?" काका म्हणाले, "बाटली स्वच्छ धुतलीत तर देईन." लेकीला आणि जावयाला त्यांनी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बोलावलं आणि काचेआडून बाटली दाखवली. जावई म्हणाला, "गढूळ पाणीच दिसतंय की." लेकीनं त्याला कोपर मारलं. काका हसत राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलेल्या माणसाला स्वतःचं म्हणून दाखवायला काहीतरी मिळालं होतं.

मग ते जंतू कारखान्यात गेले. तिथली पोलादी टाकी घट्ट मिटलेली, हवा आत जाते ती मोजून. संध्याकाळपर्यंत सगळे मेले. पुन्हा घातले, पुन्हा मेले.

बाईंना काही उमगेना. त्यांनी जनुकं तपासली. पंप जागेवर होता. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी कपाटाला रंग चालला होता. धाकटा भाऊ डबा हातात घेऊन ओरडत आला.

"ताई, याचं झाकण कोणी उघडं टाकलं? सगळं पातळ उडून गेलं. बघ, दगड झालाय नुसता."

"मीच," बाई म्हणाल्या. "काल ब्रश बुडवला आणि विसरले."

म्हणताना त्या डब्याकडे बघत राहिल्या. भाऊ पुढे बरंच काही बोलला, ते त्यांच्या कानात गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता एका बाटलीत नुसतं पाणी घेतलं, जंतू नाहीत, काही नाही. त्यात मोजून ब्युटेनॉल घातलं, कापसाचा बोळा लावला आणि बाटली उबदार पेटीत हलत ठेवली. सकाळी यंत्रावर मोजलं. निम्म्याहून जास्त गेलेलं. कापसातून उडून गेलेलं.

म्हणजे जंतू काही शिकलेच नव्हते. रोज एक थेंब जास्त पडत होता आणि रात्रीतून त्याहून जास्त हवेत जात होता. काका सवय लावत होते ती रिकाम्या बाटलीला. अशी एक बाटली सुरुवातीलाच ठेवायला हवी होती, नुसत्या पाण्याची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बाई स्वतः हे शिकवत. यशाच्या भरात ती ठेवायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

बैठकीत त्यांनी उडून जाण्याची गोष्ट नीट मांडली. आकडे दाखवले. साहेब ऐकत होते, कारखान्याचा माणूस पेन वाजवत होता. भिंतीशी काका आणि बाकीचे कामगार उभे होते, बाटल्या धुणाऱ्या दोघीही होत्या.

"रबरी बुचं होती म्हणता," साहेब म्हणाले. "मग बदलली कोणी?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही बाईंच्या तोंडाशी आलं होतं. पण नेमक्या त्याच महिन्यात त्यांचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे ठरायचं होतं. त्यांनी समोरचा चहाचा कप हातात घेतला.

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मी लावले बोळे."

आणि ते थांबले. वाक्य पूर्ण झालं नव्हतं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

"तरीच," कारखान्याचा माणूस म्हणाला.

बाईंनी चहा प्यायला. तो थंड झाला होता, तरी शेवटपर्यंत प्यायला.

काकांना गोदामात टाकलं. काचेचं सामान उतरवून घ्यायचं, फुटलं असेल तर वेगळं काढायचं. बाई दोन दिवस त्यांच्या समोर आल्या नाहीत. काका जिन्यावर दिसले की त्या दुसऱ्या जिन्यानं उतरत. जेवताना घास तोंडात फिरत राही. भावानं विचारलं, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "कामाचं आहे." ते खोटंही नव्हतं, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लावून घेतलं.

"सर, बोळे लावायला मी सांगितलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "कानावर घातलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "पण आता हुकूम निघालाय. म्हाताऱ्यालाही तिथे धावपळ कमी. कशाला परत उकरायचं?"

बाई "बरं" म्हणाल्या. बाहेर आल्यावर छाती हलकी वाटली. ते हलकं वाटणंच पुढे त्यांना सगळ्यांत जास्त सलायचं होतं.

त्या संध्याकाळी काका चाव्या द्यायला आले. उबदार पेटीची चावी, कपाटाची चावी. पेटी आता डाव्या बाजूला जरा कलते, खाली पुठ्ठा सरकवला आहे, तो काढू नका, असं त्यांनी सांगितलं. बाटल्यांकडे पाहिलं नाही.

"काका," बाई म्हणाल्या, "मी साहेबांना सांगितलं. माझं चुकलं होतं म्हणून सांगितलं."

काकांनी चाव्या टेबलावर ठेवल्या. "कुठे सांगितलंत?"

"केबिनमध्ये."

"दार लावून?"

बाईंनी टेबलावरच्या चाव्या जवळ ओढल्या.

"मी बोळे लावले म्हणालो, ते खरंच होतं," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं बोलत होते. "हात माझेच. मला वाटलं, अर्धं मी बोललो, अर्धं तुम्ही बोलाल. म्हणून थांबलो होतो जरा. फार वेळ थांबलो का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुरेसा थांबलात."

"जावयानं विचारलं परवा. गढूळ पाण्याचं काय झालं म्हणे. लेक आत निघून गेली." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मी सगळ्यांसमोर बोललो होतो, बाई. एवढंच."

"उद्या सगळ्यांना बोलावते मी. सगळ्यांसमोर सांगते."

"बोलवा की," काका म्हणाले. "मी उद्या गोदामात असेन. काचेचा माल यायचाय."

ते निघाले. आवारातली लांब सिमेंटची वाट, एका बाजूला वायूच्या नळकांड्या रचलेल्या, दुसऱ्या बाजूला सायकलींची शेड. काका मधून चालत होते, घाई नाही, रेंगाळणं नाही. सायकल घेतली, पण बसले नाहीत, हातात धरून चालले. बाई पायरीवर उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर बाटल्या धुणाऱ्या दोघी खिडकीशी आल्या, ओले हात बाहेर झटकत.

"गेले गं विरजणकाका," धाकटी म्हणाली. "एवढा जाणता माणूस, आणि कापूस लावून बसला."

ते खाली पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. बाईंनी मान वर केली. दोघींनी त्यांना पाहिलं आणि आदरानं जरा मागे सरकल्या. बाई पुन्हा वाटेकडे बघू लागल्या. काका फाटकाशी पोचले होते. रखवालदारानं उठून फाटक उघडलं. काकांनी सायकल बाहेर काढली आणि वळणावर दिसेनासे झाले.