अस्वल नाई, कॅन्सर

मंडळी, तलावावरून थेट ब्रह्मपुरीच्या सायबर कॅफेत आलोय. अंगाला अजून माशांचा वास आहे, पण हे आजच लिहायचं आहे.

आमचं घर मासेमारीवर चालतं. उघड्या अंगानं जाळं ओढणारे आम्ही लोक, पण ऑपरेशननंतर वर्षभर मी बनियन घालूनच पाण्यात उतरायचो. आज जाळं सारखं बनियनमध्ये अडकत होतं. वैतागून ती काढली आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर फेकली.

शेजारच्या गावचे तुकारामभाऊ माझ्या छातीवरची आडवी खूण बघत राहिले. "अस्वलानं फाडलं काय गा?"

मोहफुलं वेचायला जंगलात जाणारी माणसं आम्ही. अशी खूण दिसली की हाच प्रश्न येतो. हो म्हटलं असतं तर मान वाढला असता. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला.

"नाई भाऊ. स्तनाचा कॅन्सर होता. काढून टाकला."

जाळं ओढणारे सगळे हसले. "बायांचा रोग तुले काऊन होईन?"

"मी बी असाच हसलो होतो. आठ महिने हसलो, तोवर गाठ बोराएवढी झाली."

मग कोणी हसलं नाही. आम्ही जाळं ओढलं. बनियन पाळीवरच वाळत राहिली.

निघताना भाऊंनी मला बाजूला घेतलं आणि शर्टाच्या आत छातीवर बोट ठेवलं. "इथी कडक लागते. दुखत नाई, म्हणून कोणाले सांगितलं नाई."

उद्या सकाळच्या बसनं आम्ही दोघं डॉक्टरकडे जातोय.

मी अस्वल म्हटलं असतं, तर भाऊ शर्टाची बटणं लावून घरी गेले असते. तुम्ही कोणतं अस्वल सांगून राह्यले?