घरचे टोमॅटो

आमच्याकडं टोमॅटो दोन प्रकारचे. घरचे आणि बाजारचे. रोपं एकाच नर्सरीतली, पाणी एकाच विहिरीचं. घरामागं माझ्या परसात येतात ते घरचे, आणि विहिरीपलीकडच्या वीस गुंठ्यांत तारेला बांधलेले ते बाजारचे. बाजारच्यांना औषध मारायचं. घरच्यांना फार तर राख, नाहीतर आंबट ताक. लग्न होऊन पळसदेवजवळच्या या वस्तीवर आले तेव्हापासून हे असंच चालत आलंय, आणि यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट मी मिरवायचे. पाहुण्याला कोशिंबीर वाढली की म्हणायचे, "खावा बिनघोर, घरचं हाय."

परसात मी कुणाला हात लावू देत नाही. आमचे मालक दोडका तोडायला गेले तर अर्धा वेल ओढून आणतात. फक्त नातीला मोकळीक. लेक इंदापुरात दिलीय, तिची ही पोर तीन वर्षांची. दोघी दोन दिवस राहायला आल्या की पोरीचा मुक्काम परसात. टोमॅटो तोडायचा, झग्याला पुसायचा आणि खायचा, हे तिला मीच शिकवलं. लेक कुरकुरली तर तिलाच झापायचे, "तू काय धुऊन खाल्लंस व्हय? काय झालं तुला?"

त्या दिवशी लेक पहिल्या एसटीनं निघाली तेव्हा मी म्हशीखाली बसले होते. धार अर्धी झाली होती, उठता येईना. तिथूनच मालकांना ओरडून सांगितलं, "अवो, पोरीच्या पिशवीत टमाटी घाला." त्यांनी घातले. मोठा पराक्रम केल्यासारखे दोघींना गाडीत बसवून परत आले.

थोड्या वेळानं मी परसात गेले आणि उभीच राहिले. झाडांवर लाल टोमॅटो जसेच्या तसे. एकही तुटला नव्हता.

"टमाटी कुठली घातली?" मी विचारलं.

"कॅरेटातली. चांगली निवडून घातली की."

पडवीत प्लॅस्टिकचे कॅरेट रचून ठेवले होते, दुपारच्या टेम्पोनं इंदापूरच्या बाजारात जायला. परवा संध्याकाळी त्या टोमॅटोंवर औषध मारलं होतं आणि काल उन्हं उतरल्यावर तोडणी केली होती. मधे चार दिवस तरी थांबायचं असतं, आम्हाला ते ठाऊक असतं. पण बाजार तेजीत होता. पोर गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसली असणार, हे मला समोर दिसत होतं.

फोन लावला, उचलेना. परत लावला. चौथ्या वेळी लेक बोलली, "आत्ताच उतरले गं. काय?"

"पोरीनं पिशवीतलं टमाटं खाल्लं का?"

"दोन खाल्ली की गाडीत. भूक लागली म्हनली. का?"

मी फोन मालकांच्या हातात दिला, त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. शेवटी मीच सांगितलं. मग लेक एवढंच म्हणाली, "औषधाचं नाव सांग."

मालक बांधाकडं धावले आणि रिकामी बाटली घेऊन आले. आम्ही तिचा फोटो काढून पाठवला. इतकी वर्षं असल्या बाटल्या घरात येतात, पण त्यांच्यावर काय छापलंय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. मुलांपासून लांब ठेवा, असं लिहिलं होतं.

लेकीनं पोरीला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला तिथंच बसवून ठेवलं. मी चूल पेटवली नाही. फोन मांडीवर घेऊन पडवीत बसले आणि मालकांना नको नको ते बोलले. "डोळं फुटलं हुतं का तुमचं?" मी म्हणाले. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण खाली मान घालून ऐकत राहिला. त्या ऐकून घेण्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुपारी लेकीचा फोन आला. पोर ठणठणीत होती, दवाखान्यात पळापळी करत होती. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, घरी न्या, लक्ष ठेवा. मी पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडले.

डोळे पुसते तोवर दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. मालक उठले, एका कॅरेटची कड धरली आणि माझ्याकडं बघायला लागले. दुसरी कड नेहमी मीच धरते.

"हाच माल पाठवायचा?" मी म्हणाले.

"मग काय उकिरड्यावर टाकू? कुणाचा असा जात न्हाय?"

स्वतःचीच किळस आली, पण कड धरली. सगळे कॅरेट आम्ही दोघांनी मिळून चढवले. टेम्पो हायवेला लागेपर्यंत मी दारात उभी होते.

दिवेलागणीला परत लेकीचा फोन. आवाज थकलेला होता. "आई, राग मानू नगंस. पर आता पिशवी नको देत जाऊ. माझं काळीज थाऱ्यावर न्हाय ऱ्हाणार. मी हितल्या मंडईतनंच घेत जाईन. उद्याच आणते."

"उद्या नको आणू," माझ्या तोंडून निघून गेलं. "टमाटी चार दिस नको आणू."

लेक शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. तिनं का म्हणून विचारलं नाही.