कुंदाच्या सासूबाईंच्या बुगड्या

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. नवऱ्याला माझं खरं वजन माहीत आहे, माझं घोरणं माहीत आहे, पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ओळखत असाल तर — असू दे बाई, आता सुरुवात केलीच आहे. थांबले तर आणखी बारा वर्षं जातील.

तर आधी मी कोण ते सांगते. पोस्टात कारकून होते, आता निवृत्त. कर्जतच्या बाजारात माझ्या वडिलांचं सोनाराचं दुकान होतं, एवढंसं, दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. त्या दुकानात बसून मला जे काही कळलं, त्याच्या जोरावर मी आज भाषणं करते. ‘आपले जुने दागिने’ असा विषय. हळदीकुंकू असो, भिशी असो, महिला मंडळ असो — खोपोलीपासून नेरळपर्यंत मला बोलावणं येतं. मी जाते, तासभर बोलते, साबुदाणा वडा खाते आणि घरी येते. हसू नका. माझा फार रुबाब आहे त्यात.

आणि खरंच मजा येते हो! ठुशी कशी ओळखायची, बोरमाळेच्या मण्यात लाख का भरायचे, पुतळ्या गळ्यात रुळून रुळून कशा गुळगुळीत होतात — हे सांगताना मी तहानभूक विसरते. बायका पर्समधून, रुमालाच्या गाठीतून एकेक वस्तू बाहेर काढतात. हल्ली सगळ्यांना सगळं पेशवाईतलं हवं असतं. एकीने मला मोहनमाळ दाखवली, म्हणाली आमच्याकडे पेशव्यांच्या वेळेपासून आहे. मी उलटून पाहिली तर मागे हॉलमार्क! मी काय करणार? “फार जपलीत हो,” म्हटलं. असलं बिनविषारी खोटं मी पुष्कळ बोलते, त्याचा हा कबुलीजबाब नाही. ते वेगळं.

बुगडी तुम्हाला माहीत असेलच. कानाच्या वरच्या कडेला घालतात ती, मोत्यांची, मधे लाल खडा. तिच्या दांडीला आटे असतात आणि मागून फिरकी बसवायची. तर माझे वडील सांगायचे, दागिना किती जुना ते मोत्याला विचारू नकोस, फिरकीला विचार. पूर्वी आटे हाताने पाडायचे. त्यामुळे डाव्या बुगडीची फिरकी फक्त डाव्या बुगडीलाच बसायची, उजवीला नाही. सोनार एका फिरकीवर बारीकशी टिंबासारखी खूण करायचा, म्हणजे घालताना घोटाळा नको. यंत्राचे आटे आले आणि कुठलीही फिरकी कुठेही बसायला लागली. म्हणून फिरकी अदलाबदल करून पाहायची. बसली नाही, तर हातचं काम, जुनं काम. किती सोपं, नाही?

आता माझ्या बुगड्या. त्या माझ्या सासूबाईंच्या. दर भाषणात मी त्या कानात घालून जायचे आणि शेवटी मान वळवून दाखवायचे. पहिल्या वर्षी मी त्यांना साठ वर्षांच्या म्हटलं. मग ऐंशीच्या झाल्या. मग शंभरी ओलांडली. दर संक्रांतीला त्या दहा-पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या होत होत्या, बिचाऱ्या! आणि त्यांची फिरकी? इकडची तिकडे मस्त बसते. अगदी लोण्यासारखी. मी भाषणात फिरकीची परीक्षा सांगायचे, पण माझ्या बुगड्यांवर करून दाखवायचे नाही. कुणी विचारलंही नाही.

तर कुंदा. कुंदा माझी शेजारीण आणि तीस वर्षांची मैत्रीण. माहेर खालापूरकडचं, सासरी भाताची शेती, आणि बाईचा स्वभाव असा की रस्त्यात भेटली तरी हातात दोन वांगी कोंबून जाईल. माझ्या भाषणांना ती पहिल्या रांगेत असते. मी सांगते त्यातलं तिच्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून दरवेळी नवीन ऐकल्यासारखी मान डोलावते. माझ्या मागे लोकांना सांगते, आमच्या शैलाला सोन्यातलं सगळं कळतं. मला ती फार आवडते. हे आधीच सांगून ठेवते.

तिच्या सासूबाई वारल्या, त्याच्या दोनएक महिन्यांनी ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे सगळ्यांच्या आधी आली. घरात आम्ही दोघीच. मी तिळगूळ डब्यातून ताटात काढत होते. तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्यापुढे बुगड्यांचा जोड ठेवला. सासूने जाता जाता तिच्या हातात दिला होता.

“बग गं शैला,” म्हणाली. “तुला कळतं यातलं. खऱ्या जुन्या असल्या तं मी कान परत टोचून घेते. साध्या असल्या तं मोडून टाकते. उगा कशाला ठेवायच्या?”

तिच्या कानाची वरची भोकं केव्हाच बुजली होती. आणि कुंदाला सुईची किती भीती! दवाखान्यात इंजेक्शन म्हटलं की ती माझा हात निळा होईपर्यंत दाबून धरते. ती कान टोचून घ्यायला तयार होती. यावरूनच तुम्हाला कळेल तिला काय ऐकायचं होतं.

मी बुगड्या हातात घेतल्या. काय सांगू तुम्हाला! मोती तांदळाच्या कणीएवढे, एकसारखा एक नाही, रंग जुन्या हस्तिदंतासारखा. लाल खड्याला हाताने घासलेले पैलू. दांडी एका बाजूने झिजलेली, वर्षानुवर्षं कानाला घासून. आणि आट्यांमध्ये सुकलेली माती. शेतातली काळी माती — तिच्या सासूबाई भाताची लावणी करतानाही त्या काढत नसत. मी फिरक्या अदलाबदल केल्या. बसल्या नाहीत. एका फिरकीवर ते बारीक टिंब होतं. माझ्या वडिलांनी दाखवलं होतं तसं, अगदी तसंच. मला रडू यायला हवं होतं.

मला काय झालं? माझ्या पोटात दुखलं. सरळ सांगते, पोटात दुखलं. तासाभरात पंचवीस बायका येणार होत्या. मी मान वळवून माझ्या शंभर वर्षांच्या बुगड्या दाखवणार होते. आणि कुंदा, जिला ठुशी आणि वज्रटीक यातला फरक सांगता येत नाही, ती खरा जोड घेऊन तिथे बसणार. मग सगळ्या माझ्याकडे बघणार की तिच्याकडे?

म्हणून मी काय केलं असेल? वडिलांनी शिकवलेली परीक्षा मी उलटी करून तिला सांगितली. म्हटलं, “बघ, डाव्याची फिरकी उजव्याला जातच नाही. काम कच्चं आहे गं. चांगल्या कामाची फिरकी कुठेही बसते.” आणि माझ्या कानातल्या दोन्ही बुगड्या काढून, फिरक्या बदलून तिला दाखवल्या! हो, तीच परीक्षा, जी मी कधी कुणापुढे केली नव्हती. फिरकी बसली. लोण्यासारखी.

“म्हंजे साध्याच?” कुंदाने विचारलं.

“साध्याच,” मी म्हटलं.

तिने बुगड्या परत गाठीत बांधल्या आणि मला तिळगूळ मागितला. आणखी काय सांगू?

आठ दिवसांत तिने त्या मोडल्या. मुशीत घालून आटवल्या. मोती सोनाराने वाटीत काढून दिले, ते कुठे गेले मला माहीत नाही, विचारायची छाती झाली नाही. तिने त्या सोन्याचे कानातले टॉप्स केले, गुलाबाच्या फुलाचे. मला दाखवायला धावत आली. “बग, फिरकी कशी गपकन बसते. कुठलीबी कुठंबी!” इतकी खूश होती. मी म्हटलं, छान आहेत. आणि खरंच तिला छान दिसतात. तेच तर अवघड आहे. तिला कुणी विचारलं की ती अजून सांगते, शैलाने वेळेवर सांगितलं म्हणून, नाहीतर मी उगाच कान टोचून बसले असते.

त्या दिवसापासून मी भाषणातून फिरकी काढून टाकली. माझ्या भाषणातली सगळ्यात चांगली गोष्ट, माझ्या वडिलांची गोष्ट. पहिल्या रांगेत कुंदा बसलेली असताना मी ती कशी सांगणार? बारा वर्षं मी मोत्याच्या रंगावर वेळ मारून नेते आहे.

आणि मग गेल्या महिन्यात नेरळला त्या नव्या सोसायट्यांपैकी एकीत बोलावणं आलं. क्लबहाऊस, एसी, खुर्च्यांना फिती. कुंदा हौसेने बरोबर आली. भाषण झकास झालं. शेवटी एका सुनेने विचारलं, “काकू, दागिना हातचा जुना आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?” मी मोत्याच्या रंगाकडे वळणार, एवढ्यात कुंदा उभी राहिली. मला मदत करायला हो!

“आगं, फिरकीचं सांग ना त्यांना! इकडची तिकडं बसली तं चांगलं काम. नाय बसली तं कच्चं. हिनंच मला शिकवलंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी मोबाईलमध्ये लिहून घेतलं. आणि मी? मी उभी होते, हातात माईक होता, तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी माईक बंद करून टेबलावर ठेवला. ती सून हसून शेजारणीला म्हणाली, “बरं झालं बाई. आजेसासूबाईंच्या बुगड्यांच्या फिरक्या बसतच नाहीत. मोडायला हरकत नाही.”

चहाच्या वेळी मी तिला खांबाआड गाठलं. तिचा हातच धरला. कुजबुजत म्हटलं, मोडू नकोस, फिरकी बसत नाही म्हणूनच त्या जुन्या आहेत, कुठल्याही सोनाराला विचार, पण मोडू नकोस. पोरगी गोंधळली. म्हणाली, मग त्या काकू? मी म्हटलं, त्यांचा जरा घोटाळा होतो.

ऐकलंत ना? त्यांचा घोटाळा होतो. मी म्हटलं तसं. तो जोड वाचला असेल, तेवढं बरं. पण बाकीच्या बायका कुंदाचा नियम घेऊन घरी गेल्या, आणि तो नियम माझा आहे. परत येताना रिक्षात कुंदा आनंदात होती. म्हणाली, “आज मी पन तुला मदत केली ना गं?” मी म्हटलं, हो. तिने माझ्या मांडीवर थोपटलं. रस्ताभर ती त्या सोसायटीच्या चहाला नावं ठेवत राहिली आणि मी हसत राहिले, कारण ती नावं ठेवते तेव्हा हसू येतंच.

कारणं मी शोधून पाहिली. तरुण नव्हते, घाबरलेले नव्हते, चुकून तोंडातून निघालं नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी म्हटलं.

तिने मला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर हे होतं — हो कुंदा, जुन्या आहेत. माझ्या बुगड्यांपेक्षा कितीतरी सुंदर आहेत. कान टोचून घे.