कचरा त्याने आणला होता

स्विमिंग पूल साफ करणारे रोबोट विकणाऱ्या एका दुकानदाराने मला फसवलं. दुकानात बारीक फिल्टर दाखवला आणि घरी आणून दिली ती नुसती जाळी. त्यापायी माझ्या शेडमधल्या मावशीचं उजवं मनगट मोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण तो चारचौघांत वेगळंच सांगत फिरतो.

माझा कडक भाकरीचा धंदा आहे. मोहोळच्या अलीकडे हायवेच्या कडेला, तीन दगडांच्या चुलीवर ट्रकवाल्यांसाठी भाकऱ्या थापत होते, तिथून सुरुवात. आता जुळे सोलापूरच्या पलीकडे, वस्ती संपून नांगरट दिसायला लागते तिथे माझं घर आहे. घरामागे शेड आहे आणि शेडमध्ये चौदा बायका भाकरी थापतात. मावशी त्यांतली सगळ्यात जुनी. हायवेवरच्या चुलीपासून माझ्यासोबत आहे. भाकरी इतकी पातळ थापते की परातीचा तळ दिसावा.

पूल मी हौसेने बांधला नाही. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईचे गुडघे पन्नाशीच्या आतच कुरकुरायला लागतात. माझे लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. मी चालले, फरक पडला. मग एकटीसाठी कशाला, म्हणून कमरेच्या वर पाणी येईल असा लांबट हौद बांधला. दुपारी काम आटपलं की बायका चार-चारच्या पाळीने लुगडी खोचून उतरतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. नातेवाईक हसले. ‘भाकरीवालीचा स्विमिंग पूल’ असं नाव पडलं. पडू दे. मावशीला जिना चढता येत नव्हता, तो ती चढायला लागली.

अडचण धुळीची होती. शेजारच्या रानातली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि तळाशी बसते. पाय पडला की पाणी गढूळ. पंपाच्या फिल्टरमधून ती सरळ पार होते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हौद उपसून पुन्हा भरायचा म्हणजे लोकांच्या शिव्या खायच्या. म्हणून रोबोट घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा आमच्या बोअरची मोटर बघणाऱ्या चाचांना विचारलं. ते हैदराबादहून असलं सामान मागवतात. त्यांनी तळाला हात लावला, बोटं चोळली आणि म्हणाले, “अम्मा, मशीन नक्को देखो. उसके पेट की थैली देखो. तुमारी मिट्टी मैदा है मैदा.” बारीक फिल्टरचं मशीन मागवून देतो म्हणाले. मी भाव पाडायला घेतला. चाचा चहा पीत राहिले.

“इसमें कम होने का नाई, अम्मा.”

“अहो, थोडं तरी?”

“नाई.”

माझं डोकं सटकलं. “भाव करता येत नाही तर धंदा कशाला करता? मशिदीत जाऊन बसा!” चाचा हसले, कपबशी मोरीत ठेवली आणि गेले. ज्या माणसाला भावच करायचा नसतो, तो मला लबाड वाटतो. अजूनही वाटतो. फक्त त्या दिवशी चाचा लबाड नव्हते.

मग मी या दुकानदाराकडे गेले. दुकान काचेचं, माणूस तुपाळ. दुकानात काचेची टाकी होती आणि तिच्यात रोबोट कासवासारखा फिरत होता. त्याने मशीन उघडून आतला चुण्यांचा फिल्टर काढला आणि माझ्या हातात दिला. “मॅडम, हा मैद्याएवढी धूळ धरतो.” मी बोट फिरवलं. खरोखर बारीक होता. मग आमचा भाव सुरू झाला. मी दोनदा उठले, एकदा चप्पल घालून रस्त्यापर्यंत गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “घ्या ताई, तुमच्या भावात घ्या. तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार!” मॅडमची ताई झाले तिथेच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण जिंकलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

तरी एक अट घातली. माझ्या हौदात चालवून दाखवायचं, मगच मशीन ठेवायचं.

आता माझी चूक सांगते. मार्केट यार्डात मी ज्वारी घेते तेव्हा पोत्याच्या तोंडावरची वानगी कधी बघत नाही. व्यापारी ओंजळभर नमुना पुढे करतो, मी तो बाजूला सारते आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली ज्वारी काढते. व्यापारी मला पाहिल्यावर एकमेकांना खुणा करतात. आणि त्या दिवशी काय झालं? मोठ्या दुकानातला पाहुणा येणार म्हणून बायकांनी सकाळपासून हौद घासला. तळाची धूळ फडक्यांनी टिपून घेतली. दारात रांगोळीसुद्धा काढली. तो आला, पाण्यात बघितलं आणि हसला.

“ताई, इथे तर कचराच नाही. दाखवू कशावर?”

त्याने गाडीतून एक पिशवी आणली. वाळलेला लिंबाचा पाला आणि जाड वाळू. ती पाण्यात टाकली. रोबोटने दहा मिनिटांत सगळं गोळा केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली, “आगं बया, सुनंपेक्षा बरं झाडतंय की!” मीही हसले. माल त्याचा, आणि माल तपासायला टाकलेला कचराही त्याचाच. ज्वारीच्या पोत्याला मी हे कधी चालू दिलं नसतं.

चार दिवसांनी वारा सुटला. रानातली माती हौदात आली, रोबोट सोडला, आणि त्याने तळाची सगळी धूळ पोटात घेऊन डोक्यावरच्या तोंडातून परत पाण्यात फेकली. तासाभरात पाणी परातीतल्या धुवणासारखं झालं. पायऱ्या दिसेनात. मी दुकानदाराला फोन लावला.

“पहिले काही दिवस असंच होतं, ताई. निवळेल. उतरा बिनधास्त.”

मी फोन ठेवला आणि बायकांना तेच सांगितलं. मावशी काठावर उभी राहून म्हणाली, “पायरी दिसंना की वो, अक्का.” मी म्हणाले, रोजची तर पायरी आहे. तिने पाऊल टाकलं. दुसरी पायरी तिला वाटली तिथे नव्हती. पडताना तिने हात टेकला.

हाडांच्या डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात तिने प्लास्टरवरचं पांढरं बोटाने टिपलं आणि ज्वारीचं पीठ बघावं तसं चोळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. कुणी सांगितलं माहीत नाही. त्यांनी मशीन उलटं केलं, झाकण काढलं. आत चुण्यांचा फिल्टर नव्हता. रव्याच्या चाळणीसारखी जाळी होती, वाळू अडेल पण मैदा सरळ गळेल अशी. चाचांनी ती माझ्यापुढे ठेवली. “मैं बोल्या था” असं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले नाहीत.

मी शेजारच्या रानातून पिशवीभर माती भरून घेतली. मशीन रिक्षात घातलं आणि दुकानात गेले. तो एका हॉटेलवाल्याला तीच टाकी दाखवत होता, तळाशी तोच लिंबाचा पाला. मी माझं मशीन टाकीत सोडलं, वरून पिशवी उपडी केली आणि म्हणाले, “आता माझी वानगी. लाव बटण.” तो बटणाला हात लावेना, मग मीच लावलं. काचेमागे काळे ढग उठले. रोबोट दिसेनासा झाला. हॉटेलवाला दोन पावलं मागे सरकला, मग दाराकडे.

“ताई, गिऱ्हाइकासमोर काय हे!”

“बारीक फिल्टर कुठं आहे?”

त्याने आवाज खाली आणला. “त्या भावात फिल्टर बसत नाही. तुम्ही भाव पाडला, मी जाळी लावली. बोलू तरी दिलं का तुम्ही मला?”

हेच तो आता सगळ्यांना सांगतो. बाई भांडखोर, बाईने भाव पाडला. भांडखोर आहे मी. भाव पाडला, तोही मी. पण भाव पाडणं म्हणजे माल काढून घ्या असं म्हणणं नव्हे. ज्याला परवडत नाही त्याने चाचांसारखं ‘नाई’ म्हणावं. मी हायवेवर भाकरीचा भाव कमी केला असेल, पण भाकरीत भुसा मिसळला नाही. ट्रकवाल्याने पहिल्या घासाला ओळखलं असतं आणि मी त्याला तोंड दाखवू शकले नसते.

तो फिल्टर पाठवून देतो म्हणाला. दुकानातल्या माणसाजवळ पाठवलाही. मी परत पाठवला. नवं मशीन चाचांकडून घेतलं, त्यांनी सांगितलेल्या भावात, एक अक्षर न बोलता. आता तळावरची फरशी मोजता येते. बायका चालतात. मावशी काठावर बसते. प्लास्टर निघालं, पण मनगट फिरत नाही. तिच्या भाकरीला आता कड राहते. जाड, वेडीवाकडी. ती थापते आणि स्वतःच बाजूला काढून ठेवते.

तिला उतर म्हणाले ती मी. त्याचं उत्तर मी तिला दिलंय, तिच्यासमोर बसून दिलंय. तिने ऐकलं आणि म्हणाली, “तुमी तर सांगितलं. त्यो कधी येणार?”

म्हणून मी दर आठवड्याला मातीची पिशवी घेऊन त्या दुकानात जाते. गिऱ्हाईक असलं की बरंच. टाकीजवळ उभी राहते आणि विचारते, “मावशीकडे कधी येणार?” तो आतल्या खोलीत जातो. मी थांबते. मला माझे पैसे नकोत आणि त्याचा फिल्टरही नको. माझ्या हौदापर्यंत ये, काठावर बसलेल्या बाईसमोर उभा राहा, आणि पायरी दिसत नसताना “उतरा बिनधास्त” कशाच्या जोरावर म्हणालास ते तिच्या हाताकडे बघून सांग.