पाय दाबला की येणारा आवाज

अर्जदार: मी, तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा. वाहन: माझी कन्या सुनंदा हिची विजेवर चालणारी मोटार. साक्षीदार: मागे बसलेली माझी पत्नी. वेळ: मंगळवार सकाळ, घाटाचा चढ.

वेग वाढवण्यासाठी सुनंदाने पाय दाबला, की डाव्या पुढच्या चाकाकडून ‘कट् कट्’ असा आवाज येई. पाय उचलताच थांबे. जुन्या मोटारीच्या घरघरीत असे कितीतरी आवाज बुडून गेले असतील. ही मोटार मुकी, म्हणून तो उघडा पडला. रिकाम्या घरात कोणी बोटे मोडावीत, तसा.

दुरुस्तीच्या कारखान्यातील तंत्रज्ञाने सपाट अंगणात एक फेरी मारली. “काका, संगणक दोष दाखवत नाही,” म्हणत त्याने कागदावर लिहिले: आवाज आढळला नाही.

“घाटात चला, मागे माणसे बसवा,” मी म्हणालो.

“सहल काढू म्हणता?” तो हसला.

जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे मी आयुष्यभर लोकांना बजावत आलो. त्या वाक्याचे भय मला त्या क्षणी प्रथमच वाटले.

सुनंदा रोज त्याच घाटाने दवाखान्यात कामाला जाते. काल चढावर ती म्हणाली, “बाबा, बंद झाला हो तो आवाज.”

मागून पत्नी हळूच म्हणाली, “येतोय की गं. तुला सवय झाली.”

सबब नम्र विनंती, की सदर तंत्रज्ञाने एकदा माझ्या मुलीशेजारी बसून तो चढ चढावा आणि जे ऐकू येईल ते सहीनिशी कळवावे; तिला अजून ऐकू येत असते, तर मी एवढी घाई केली नसती.